विंचू लहान, धोका महान

मृगाचा पाऊस लागला, बिळांत पाणी शिरले, की विंचू कोरडी जागा शोधत घराकडे वळतो. जळणाची रास, शेणी, भाताचे पिंजर, उतरून ठेवलेली कौले, भिंतीच्या भेगा ही त्याची आवडती ठिकाणे, आणि नेमके तेथेच आपले हात जातात. पुढे सुगीत पेंढ्या उचलताना पुन्हा त्याची गाठ पडते. म्हणून शेतकरी बंधुभगिनींना या प्राण्याची नीट ओळख असावी, या हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

विंचू हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, विंचवाला आठ. तो कोळ्याच्या गोतातला. चाळीस कोटी वर्षांहून अधिक काळ तो पृथ्वीवर आहे, आणि आज जगात त्याच्या अडीच हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत. पुढच्या दोन चिमट्यांनी तो भक्ष्य पकडतो. शेपटीला पाच पेरे, त्यापुढे फुगीर नांगी. तिच्यात विषाच्या दोन पिशव्या असतात. डोळे पुष्कळ, पण नजर मंद. पायांना कळणारी जमिनीची थरथर हेच त्याचे खरे डोळे. पोटाखाली फणीसारखे दोन अवयव असतात. ते जमिनीवर टेकवून तो वास घेतो.

दिवसा तो दडून बसतो आणि रात्री शिकारीला निघतो. रातकिडे, झुरळे, कोळी हे त्याचे अन्न. भक्ष्यावर पाचक रस सोडून ते पातळ करायचे आणि शोषून घ्यायचे, अशी त्याची रीत. एकदा पोटभर मिळाले की तो कित्येक महिने उपाशी राहू शकतो. तेव्हा घरात खायला नाही म्हणून विंचू निघून जाईल, ही आशा व्यर्थ आहे.

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहूनच केली असावी. विंचवीण अंडी घालीत नाही. कित्येक महिने पिल्ले पोटात वाढवून ती त्यांना जन्म देते. पांढरी मऊ पिल्ले लगेच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकीपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, तेथेच राहतात. पिल्ले आईला खाऊन बाहेर पडतात, ही समजूत मात्र खोटी आहे.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे सगळे भितात ते मोठ्या काळ्या इंगळीला. तिचे चिमटे जाड, शेपटी बारीक. डंख झोंबतो, सूज येते, पण जिवाला धोका सहसा नसतो. ज्याला भ्यायला हवे तो लाल विंचू अवघा दोन-तीन इंचांचा. रंग तांबूस-पिवळट, चिमटे बारीक, शेपटी जाड. ज्याचे चिमटे बळकट त्याला विषाची गरज कमी, हे लक्षात ठेवावे. कोकणातील तांबड्या मातीत आणि चिऱ्यांच्या फटींत हा लाल विंचू पुष्कळ. कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतही तो आढळतो.

लाल विंचवाचे विष शरीरातील नसा एकाच वेळी चेतवते. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरू लागते. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला लाळ, हातपाय थंडगार, पुढे खोकला व धाप ही धोक्याची लक्षणे. नुसती भयंकर आग होत असेल तर बहुधा विष अंगात भिनलेले नसते. उलट, दुखणे थोडे आणि घाम फार, असे दिसले की एक क्षणही दवडू नये. लहान मुलांना धोका सर्वांत अधिक.

एके काळी अशा गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे रुग्ण रात्र रात्र जवळ बसून पाहिले. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा त्यावरील लेख आला. या उपचाराने मृत्यूचे प्रमाण शेकडा चारच्याही खाली आले. पुढे विंचवाच्या विषावरची लसही निघाली. गोळी आणि लस दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा लवकर बरे होतात, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

मग मंत्राने विंचू उतरतो तो कसा? बहुतेक विंचवांचे दुखणे काही तासांत आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला जाते. पण डंख लाल विंचवाचा असला, तर तेच तास मुलाच्या जिवावर बेततात.

विंचू चावल्यास रोग्याला धीर द्यावा, जागा साबणाने धुवावी, बर्फ मिळाल्यास कापडात गुंडाळून लावावा. दोरी आवळू नये, चिरा देऊ नयेत, लाल औषधाचे खडे भरू नयेत. रोग्याला चालवू नये. वाहनात घालून थेट आरोग्य केंद्र गाठावे. गोळीचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे. गोळी घेतल्यावर रोग्याला एकदम उठवू नये, रक्तदाब उतरून घेरी येते.

चावण्याआधीची काळजी त्याहून सोपी आहे. चपला, कपडे व अंथरूण झटकून घ्यावे. खाट भिंतीपासून दूर ठेवावी. भेगा लिंपाव्यात. जळण व शेणी घरापासून लांब रचाव्यात आणि काठीने हलवूनच उचलाव्यात. रात्री अनवाणी फिरू नये. जांभळ्या अतिनील उजेडाच्या विजेऱ्या आता बाजारात मिळतात. त्या उजेडात विंचू हिरवट चमकतो आणि अंधारातही चटकन दिसतो. अंगणातल्या कोंबड्याही विंचू वेचून खातात.

शेताच्या बांधावरचा विंचू किडे खातो, त्याला तेथे राहू द्यावे. पण घरातील मूल रात्री रडत उठले, घामाने भिजले आणि त्याचे हात गार लागले, तर दिवस उजाडण्याची वाट पाहू नका. शेजाऱ्याला हाक मारा, गाडी काढा.