व्हिडिओ गेम मुलग्यांचेच का?



मे महिन्यातील अकोल्याची दुपार डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ अंशांकडे चालला आहे, रस्ते ओस पडले आहेत, खिडकीत कूलर घरघरतो आहे. पुढच्या खोलीत भाऊ आणि त्याचे दोन मित्र मोबाइलवर गेम खेळत बसले आहेत. बहीण मागून डोकावते, तोच आजीचा आवाज येतो, "पोरीले कायले पायजे गेम? पयले गच्चीवरच्या कुरड्या पाहून ये."

असे दृश्य अनेकदा पाहिले की आपण म्हणतो, "व्हिडिओ गेमची आवड मुलग्यांनाच जास्त, कारण ती उपजतच असते." या वाक्याचा पूर्वार्ध हे निरीक्षण आहे. उत्तरार्ध मात्र कारण सांगतो, आणि ते आपण तपासलेले नसते.

एक खडा आणि एक सपाट कागद एकाच उंचीवरून सोडा. खडा आधी पडतो. "जड म्हणून आधी पडला," असे कोणीही म्हणेल. आता त्याच कागदाचा घट्ट बोळा करून सोडा. वजन तेवढेच आहे, तरी बोळा जवळजवळ खड्याबरोबरच पडतो! म्हणजे सपाट कागद मागे पडत होता तो मुख्यतः हवेच्या विरोधामुळे. कारण शोधायचे तर एकेक परिस्थिती बदलून पाहावी लागते. आपल्या प्रश्नालाही हीच कसोटी लावू या.

खेळ बदलला तर?

१९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम निघाला. वरून उतरणाऱ्या परग्रहवासीयांवर गोळ्या झाडायच्या, असा तो खेळ. त्या काळी असे गेम खेळण्याच्या जागी बहुधा पुरुषांचीच गर्दी असे. नामको कंपनीतील तोरू इवातानी या तरुणाला वाटले की, मुलींनाही यावेसे वाटेल असा खेळ हवा. त्याने गोळीबार काढून टाकला आणि 'खाणे' ही कल्पना घेतली. १९८० साली आलेला हा खेळ म्हणजे 'पॅक-मॅन'. तो स्त्री-पुरुष दोघांमध्येही लोकप्रिय झाला.

२००६ साली हार्टमान व क्लिम्ट या संशोधकांनी जर्मनीतील स्त्रियांना कोणते गेम का आवडत नाहीत, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थपूर्ण संवादाचा अभाव, हिंसा आणि स्त्री-पात्रांचे ठोकळेबाज चित्रण ही कारणे पुढे आली. तेव्हा स्त्रियांची नाराजी होती ती गेममध्ये काय भरले आहे यावर.

आपल्या वऱ्हाडातील भुलाबाई आठवा. गाणी संपली की झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून आतला खाऊ ओळखायचा. चिवडा खुळखुळतो, लाडू आदळतो, शिरा गप्प बसतो! पुराव्यावरून तर्क करण्याचा हा खेळ मुली किती रंगून खेळतात! खेळाची, कोड्याची, चुरशीची हौस मुलींना नाही, असे कोण म्हणेल?

सराव बदलला तर?

आता थोडे पुढे जाऊ. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून पाहण्याची शक्ती आपल्याला असते. १९७१ साली शेपर्ड आणि मेट्झलर यांनी ती मोजली. घनांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून "या दोन्ही एकच आहेत का?" असे त्यांनी विचारले. दोन आकृत्यांमधील कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागला, आणि कोन व वेळ यांचा आलेख चक्क सरळ रेषा निघाला! मनातील फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० अंश भरला.

अशा चाचण्यांत पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा जास्त येते, असे पुढे वारंवार दिसले. सरासरी म्हणजे प्रत्येक व्यक्ती नव्हे; अनेक मुली अनेक मुलग्यांच्या पुढे असतात. तरीही फरक उपजत आहे की सरावाचा, हा प्रश्न उरतोच.

२००७ साली टोरांटो विद्यापीठातील फेंग, स्पेन्स आणि प्रॅट यांनी कागदाचा बोळा करून पाहिला, असे म्हणा ना! गेमची सवय नसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी १० तास वेगवान लढाईचा गेम खेळवला, तर काहींना कोड्याचा गेम. पहिल्या गटातील स्त्री-पुरुष दोघेही सुधारले, पण स्त्रिया अधिक सुधारल्या आणि दोघांतील अंतर बरेच कमी झाले. काही महिन्यांनंतरही ही सुधारणा टिकून होती. दुसऱ्या गटात असे घडले नाही. प्रयोगातील विद्यार्थी थोडे होते, त्यामुळे सगळा फरक सरावाचाच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण हा फरक दगडावरची रेघ नाही, एवढे नक्की.

वेळ आणि मोबाइल

सरावाला वेळ लागतो आणि साधनही लागते. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ गेला, तर पुरुषांचा ८८ मिनिटे. फरक २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तासांहून अधिक! २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी केवळ ५४ टक्के स्त्रियांजवळ स्वतः वापरायचा मोबाइल होता. अकोल्याच्या त्या घरातील बहिणीला गेम आवडत नव्हता, की तो तिच्या हाती येतच नव्हता?

करून पाहा

पुठ्ठ्याचे सारखे चौकोन जोडून इंग्रजी 'एल'सारखा एक आकार करा आणि त्याचीच आरशातील प्रतिमा असलेला दुसरा. टेबलावर सरकवत कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर तंतोतंत बसणार नाही. आता कागदाच्या ८० चिठ्ठ्यांवर हे आकार काढा. ०, ६०, १२० आणि १८० अंश फिरवलेले, प्रत्येक कोनाच्या २० चिठ्ठ्या. प्रत्येक कोनात दोन्ही आकार निम्मे-निम्मे असू द्या. मित्राने चिठ्ठी पाहून 'पहिला' की 'दुसरा' ते सांगावे. एकेका उत्तराचा वेळ हाताने नीट मोजता येत नाही, म्हणून २० चिठ्ठ्यांचा एकत्र वेळ घ्या आणि २० ने भागा. मग आलेख काढा. आठवडाभर रोज १० मिनिटे सराव करा आणि पुन्हा मोजा. वर्गातील मुलगे व मुली, दोघांनीही हे करावे.

शिक्षकांनी आणखी एक करावे. "गेम खेळता का?" एवढेच न विचारता मोबाइल कोणाचा, मोकळा वेळ किती, गेम कोणता, सोबत कोण, हेही विचारून तक्ता करावा.

रात्र-रात्र जागून गेम खेळा, असे मी सुचवत नाही. पण प्रयोगशाळेत चुंबकीय क्षेत्राची दिशा ठरवताना "सर, मला हे डोळ्यांपुढे आणता येत नाही, मुलींना ते जमत नाहीच," असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनी मला दरवर्षी भेटतात. कोणी पुढे याच समजुतीपायी अभियांत्रिकीचा विचार सोडून देते. त्यांना मी एवढेच विचारतो, "जमत नाही हे तुझे निरीक्षण. पण कारण तपासलेस का?"