प्रोबायोटिके
पुरेशा मात्रेत घेतल्यास यजमानाच्या आरोग्यास हितकारक ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव. स्टामेन ग्रिगोरोव्ह यांनी १९०५ मध्ये बल्गेरियन दह्यातील दंडाकार जंतू शोधला. मेचनिकॉव्ह यांनी अशा दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला. लॅक्टोबॅसिलस व बायफिडोबॅक्टेरियम प्रजातींतील जंतू शर्करेच्या किण्वनाने अम्ले निर्माण करतात. त्यांमुळे बृहदांत्राच्या हालचालींस चालना मिळून मलोत्सर्ग सुलभ होऊ शकतो. तथापि हा गुण वाणपरत्वे बदलतो व सेवन थांबविल्यावर हे जंतू आतड्यात सहसा टिकत नाहीत. घरगुती विरजणातील जंतू अनिश्चित असल्याने प्रत्येक दही प्रोबायोटिक ठरत नाही. बद्धकोष्ठतेत तंतुमय अन्न, पाणी व व्यायाम यांना ती पर्याय नव्हेत. प्रतिकारशक्ती अतिशय क्षीण असलेल्या रुग्णांत हे जंतू क्वचित रक्तात शिरून गंभीर संसर्ग होतो. अशांनी ती वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.