चाळीस किलोबाइटचा मारिओ

'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट निरखून बघा. आकार हुबेहूब तोच. ढगाला पांढरा रंग, झुडपाला हिरवा, एवढाच फरक. चित्र एकदाच साठवायचं आणि रंग बदलून दोनदा वापरायचं.

निन्टेन्डोचा हा गेम १९८५ साली जपानमध्ये आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका त्याचे रचनाकार. आपल्याकडे तो पोचला नव्वदच्या दशकात, तोही बहुतेक घरांत नकली यंत्रांतून. टीव्हीला जोडायचा डबा, वर खोचायची कॅसेट, आणि चालली नाही की तिच्यात मारायची फुंकर! मूळ कॅसेटमधला सगळा गेम ४० किलोबाइटचा: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, ८ किलोबाइट चित्रं. यंत्राची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. फोनवर काढलेला साधा फोटोही आज याच्या कितीतरी पट जागा खातो.

मी वीजमीटरमधल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिते. तिथे आजही बाइट न् बाइट मोजावा लागतो. म्हणून हा गेम माझ्यासाठी बालपणीची आठवण तर आहेच, पण त्याहून जास्त तो कसबी कामाचा नमुना आहे.

हिशेबच मांडू. पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. एका ठिपक्याला दोन बिट धरले, तर अख्ख्या पडद्याचं चित्र साठवायला १५ किलोबाइट लागतात. म्हणजे अशी तीन चित्रंही कॅसेटमध्ये मावली नसती. गेममध्ये तर ३२ स्टेज, आणि त्या कित्येक पडदे लांब. तेव्हा पडद्यांची चित्रं साठवलीच नाहीत. ८ बाय ८ ठिपक्यांच्या छोट्या फरशा बनवल्या आणि त्याच फिरून फिरून लावत विटा, पाइप, डोंगर उभे केले. स्टेजची नोंद म्हणजे 'इथे पाइप, एवढा उंच', 'इथे खड्डा' अशा सूचनांची यादी. एकेक सूचना फक्त दोन बाइटची. मागचे डोंगर-ढग तर यादीत एकेक करून लिहिलेलेही नाहीत. दर तीन पडद्यांनी तीच नक्षी परत येते. खेळणाऱ्याचं लक्ष उडीवर असतं, त्याला पत्ताही लागत नाही.

आणि तो तपकिरी, ठेंगणा गुम्बा? त्याच्या चालण्याचं चित्र एकच आहे. ते डावं-उजवं उलटत राहिलं की त्याची पावलं पडतात. माझ्या मते अख्ख्या गेममधली ही सगळ्यांत देखणी युक्ती. मारिओची मिशीही अशाच अडचणीतून आलेली. १९८१च्या 'डाँकी काँग'मध्ये तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड नीट काढता येईना, म्हणून नाकाखाली मिशी दिली. केस दाखवणं अवघड, म्हणून टोपी.

संगीत कोजी कोंदो यांचं. यंत्राकडे आवाजाच्या वाटा पाच, त्यातल्या चारच या गेमने वापरल्या: दोनवर सूर, एकीवर खर्ज, एकीवर ताल. उडीच्या आवाजाला वेगळी वाट उरलीच नव्हती. त्यामुळे मारिओ उडाला की तो आवाज दोन सुरांपैकी एकाची जागा घेतो आणि तो सूर तेवढ्यापुरता थांबतो. खर्ज आणि ताल मात्र चालूच राहतात, म्हणून गाणं तुटल्यासारखं वाटत नाही.