अखेरची तारीख वाचा

मृग लागायच्या आधी आपण घराची कौलं चाळतो. फुटकं कौल काढतो, नवं घालतो. नाही तर पावसात घर गळतं. मोबाइल आणि संगणक यांनाही अशी दुरुस्ती लागते.

या यंत्रांच्या पोटात एक मूळ व्यवस्था असते. बोट लावताच पडदा उघडणं, अक्षरं दिसणं, फोन लागणं, ही सारी कामं ती चालवते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. पुष्कळ फोनांत अँड्रॉइड असते. पुष्कळ संगणकांत विंडोज असते. ही व्यवस्था माणसांनीच लिहिलेली. तिच्यात कुठे ना कुठे फट राहतेच. चोर ती फट शोधतात. कंपनी ती बुजवते आणि दुरुस्ती आपल्या यंत्रात पाठवते. तिला अपडेट म्हणतात.

पण कंपनी हे काम कायमचं करीत नाही. कधीपर्यंत करणार, ते आधी जाहीर करते. विंडोज एक्सपी २००१ साली आली. तिची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली. विंडोज १० ही २०१५ साली आली. तिची नेहमीची दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली.

मुदत संपली म्हणून यंत्र बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशीही ते तसंच चालतं. माणूस फसतो तो इथंच. उन्हाळ्यात गळकं घरसुद्धा चांगलंच दिसतं!

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची कीड अनेक देशांतल्या संगणकांत शिरली. ती कागदपत्रांना कुलूप लावी आणि पैसे मागे. इंग्लंडमधल्या सरकारी इस्पितळांत हजारो रोग्यांच्या तपासणीच्या वेळा रद्द झाल्या. गंमत अशी, की ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती वेळेवर घेतली, ते वाचले. एक्सपीची मुदत मात्र संपलेली होती. तिच्यासाठी दुरुस्ती सर्वांना मिळाली, ती संकट आल्यावर.

मग आपण काय करावं? फोनमधलं ‘सेटिंग्ज’ उघडावं. बहुतेक अँड्रॉइड फोनांत ‘फोनबद्दल’ या भागात सुरक्षा अपडेटची तारीख सापडते. ती वाचावी. नवं अपडेट आलं असेल तर घ्यावं. तारीख फार जुनी असेल आणि नवं काही येतच नसेल, तर त्या फोनवरून बँकेचा व्यवहार करू नये. फोन टाकून द्यायला नको. बोलायला, गाणी ऐकायला तो चालेल. नवा फोन घेताना दुकानदाराला विचारावं, “याला अपडेट किती वर्षं मिळणार?”

आणखी एक सांगतो. “तुमच्या फोनची मुदत संपली, ओटीपी सांगा,” असा कुणाचा फोन आला तर तो चोर समजावा. खरी सूचना ओटीपी मागत नाही.

पडद्यावर सूचना आली की पूर्वी आपण दुसऱ्याकडे धाव घेत होतो. आता आपल्याला वाचता येतं. ती आपणच वाचू या.