जोडाची झीज

जानेवारीतली संध्याकाळ होती. औंढा नागनाथाचं दर्शन घेऊन आम्ही दोघं स्कूटरवरून वसमतकडे परतत होतो. पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. पहिली ट्रॉली सरळ होती, पण दुसरी मात्र हत्तीच्या शेपटासारखी या कडेकडून त्या कडेकडे झुलत होती. पुढे जावं म्हणून मी दोनदा स्कूटर बाहेर काढली आणि दोनदा निमूट आत घेतली.

‘‘अहो, राहू द्या. पोहोचू की सावकाश,’’ मागून आवाज आला.

थोड्या अंतरावर ट्रॅक्टर आपणहून एका वेल्डिंगच्या शेडपाशी थांबला. मागच्या ट्रॉलीतल्या मोळ्यांवरून एक बाई लेकराला काखेत घेऊन उतरली. ऊसतोडीच्या टोळीतलीच असावी. इतका वेळ ती त्या झुलत्या ढिगावर बसून होती, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं आणि पोटात गोळा आला. मीही स्कूटर बाजूला लावली.

मिस्त्रींनी दोन ट्रॉल्यांना जोडणारी पिन हातोड्यानं ठोकून वर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. दोन्ही टोकांना जाड, मध्ये बारीक, अगदी डमरूसारखी. ज्या कडीत ती बसायची तिचं भोकही गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं.

‘‘सर, हे एका दिसात झालेलं नाही,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘रोज थोडं थोडं खाल्लंय.’’

खाण्याची ही क्रिया समजून घेण्यासारखी आहे. नवीन पिन आणि कडी यांच्यात किंचित मोकळीक असतेच, नाहीतर वळणावर ट्रॉली वळायचीच नाही. पण ट्रॅक्टर निघाला की ती मोकळीक एका बाजूला मिटते, ब्रेक दाबला की दुसऱ्या बाजूला. दर वेळी ‘खट्ट’ असा ठोका बसतो. ठोक्यानं फट वाढते आणि फट वाढली की पुढचा ठोका अधिक जोरात बसतो. त्यात फडातली काळी माती. ती ग्रीसला चिकटली की वंगणाचं वंगणपण जातं आणि उरतो तो लोखंड घासणारा लेप. म्हणून जुनं ग्रीस पुसून मगच नवं लावायचं असतं. आपल्याकडे जुन्यावरच नव्याचा थर चढतो.

फट मोठी झाली की मागची ट्रॉली आधी थोडी भरकटते आणि मग झटक्यानं ओळीत ओढली जाते. वेग वाढला की एक झोका पुढच्याला बळ देतो. भरणीही चुकली असेल तर विचारूच नका. दोन चाकांच्या ट्रॉलीत सगळं वजन मागे गेलं की पुढची दांडी वर उचलायला बघते आणि गाडी जास्तच झुलते. भार आखाच्या थोडा पुढे हवा. आणि झुलायला लागलीच, तर स्टिअरिंगशी झटापट न करता रेस सोडून वेग हळूहळू उतरवायचा, एवढंच हाती असतं.

हे दुखणं आपलंच आहे असं नव्हे. युरोपात लोक सुटीला मोटारीमागे चाकांवरचं घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडून नेतात. तिथे मोटारीच्या मागे 50 मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा असतो आणि कॅरॅव्हॅनच्या तोंडाची वाटी त्यावर बसते. झोके आवरायला काही वाट्यांच्या आत ब्रेकच्या लायनिंगसारख्या छोट्या गाद्या लावतात. त्या गोळ्याला घट्ट आवळून धरतात. गंमत म्हणजे अशा गोळ्याला ग्रीस अजिबात चालत नाही. नव्या गोळ्यावरचा रंगसुद्धा घासून काढतात. तेलकटपणा लागला की गाद्यांची पकड जाते आणि त्या करकरायला लागतात. गाद्या झिजल्या की बदलायच्या, आणि गोळा झिजून 49 मिलिमीटरवर आला की तोही भंगारात. एका मिलिमीटरची ही शिस्त! माझ्या हातातल्या पिनेतून अर्ध्या बोटाएवढं लोखंड गेलेलं होतं.

आपल्याकडे बैलगाडी होती तेव्हा झीज कानाला कळायची. धाव सैल झाली की चाक बोलायचं, मग ते पाण्यात टाकून लाकूड फुगवायचं. बैलाच्या चालीत चूक सुधारायला वेळही असायचा. ट्रॅक्टरच्या आवाजात ‘खट्ट’ ऐकू येत नाही. खंडेनवमीला आपण तो धुतो, हार घालतो, बोनेटवर कुंकवाचं बोट ओढतो. पिन उपसून कोण बघतो?

‘‘आधी का नाही बदललीस?’’ मी ड्रायव्हरला विचारलं. पोरगेलासाच होता.

‘‘खेप बुडती ना सर. काट्यावर नंबर लावायचा, मग गव्हाणीपाशी रातभर बसायचं. मालक म्हनतेत, हंगाम संपल्यावर बघू.’’

पिनेची किंमत एका खेपेच्या कमाईपुढे फार नसावी. महाग असतो तो थांबण्याचा वेळ. मग कोणी सळईचा तुकडा घालतो, तो वाकतो. कोणी बोल्ट घालतो, आट्यांच्या खाचेत त्याला तडा जातो. खालची क्लिप पडली तर तार गुंडाळतात. पिन तुटलीच तर दांडी जमिनीत रुतू नये, ट्रॉली सुटू नये म्हणून लावायची साखळी या ट्रॉलीला नव्हतीच. मी विचारलं तेव्हा ड्रायव्हर नुसता हसला.

मिस्त्रींनी कडीत नवा बुश ठोकून बसवला, नवी पिन घातली, क्लिप लावली. पाऊण तास गेला असेल. कोपऱ्यातल्या भंगारातून एक जुनी साखळी काढून त्यांनी दांडीखालून ओवली. तिचे पैसे काही त्यांनी सांगितले नाहीत. बाई लेकराला घेऊन पुन्हा मोळ्यांवर चढू लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला खाली बोलावलं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवलं. तीही काही बरी जागा नव्हे, पण त्या ढिगापेक्षा बरी.

निघताना ड्रायव्हरनं ती डमरूसारखी पिन उचलून खिशात घातली.

‘‘ती कशाला?’’ मी म्हणालो.

‘‘ऱ्हाऊ द्या सर, अडीनडीला व्हती.’’

मिस्त्रींनी काही न बोलता हात पुढे केला. पोरानं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि पिन काढून दिली. त्यांनी ती भंगारात फेकली, आणि ट्रॅक्टर पार रस्त्याला लागेपर्यंत त्या ढिगापाशीच उभे राहिले.