चौथा मॅचपॉइंट

टेनिसमध्ये सर्व्हिस हा एकच फटका असा, की त्यात समोरच्याचा हात नसतो. चेंडू आपला, वेळ आपली. गोरान इव्हानिसेविचची अख्खी कारकीर्द या एका फटक्यावर उभी राहिली आणि त्याच फटक्यावर अनेकदा आडवीही झाली. क्रोएशियातल्या स्प्लिटचा हा डावखुरा, सहा फूट चार इंच उंचीचा. चेंडू फार वर न फेकता झटक्यात मारायचा. १९९६ या एका वर्षात त्याने १४७७ एस मारले.

विम्बल्डनच्या हिरवळीवर अशा माणसाने राज्य करायचं. झालं भलतंच. १९९२च्या अंतिम सामन्यात, पाचव्या सेटमध्ये ४-५ असा मागे असताना त्याने गेमची सुरुवातच लागोपाठ दोन डबल फॉल्टनी केली आणि आगासी जिंकला. १९९४मध्ये सॅम्प्रसने दोन टायब्रेकर घेतल्यावर तिसऱ्या सेटमध्ये ०-६. १९९८मध्ये पुन्हा सॅम्प्रसच, या वेळी पाच सेट. सॅम्प्रस नसता तर, असा सुस्कारा त्याचे चाहते सोडतात. मला तो पटत नाही. सॅम्प्रसची दुसरी सर्व्हिसही ऐन मोक्याला भरवशाची असे; गोरानला त्याच वेळी स्वतःशी भांडायचं असे. २०००मध्ये ब्रायटनला तर त्याने रागाच्या भरात जवळच्या सगळ्या रॅकेटी मोडल्या आणि खेळायला रॅकेटच उरली नाही म्हणून सामना सोडावा लागला!

पुढच्याच वर्षी खांदा दुखावलेला, क्रमवारीत १२५वा. जुन्या पुण्याईवर विम्बल्डनचं वाइल्ड कार्ड मिळालं. रॉडिक, रुसेडस्की, साफिन असे एकेक गेले. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या हेन्मनने तिसरा सेट ६-० असा उडवला, एवढ्यात पाऊस आला. सामना तीन दिवस रेंगाळला आणि ब्रिटिशांची आशा त्या पावसात वाहून गेली. अंतिम सामना सोमवारवर गेला, खुली तिकिटं निघाली आणि सेंटर कोर्टवर क्रोएशियन व ऑस्ट्रेलियन समर्थकांनी फुटबॉलच्या मैदानासारखा गलका केला.

ऑस्ट्रेलियाच्या राफ्टरविरुद्ध पाचव्या सेटमध्ये ८-७. पहिला मॅचपॉइंट: डबल फॉल्ट. दुसरा: डबल फॉल्ट. तिसऱ्यावर राफ्टरने डोक्यावरून लॉब टाकला. नऊ वर्षांत गोरान सुधारला होता असं म्हणायला इथे जागा नाही. तोच हात, तीच थरथर. चौथ्या वेळी दुसरी सर्व्हिस कशीबशी आत पडली आणि राफ्टरचा परतीचा फटका जाळ्यात गेला. वाइल्ड कार्डवर विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा दुसरा कोणी अजून झालेला नाही.

या विजयाच्या झगमगाटात बार्सिलोना मागे पडतं. १९९२च्या ऑलिंपिकमध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या क्रोएशियाचा ध्वज त्याच्या हाती होता, आणि एकेरी-दुहेरीत त्याने कांस्यपदकं मिळवली.

२००४मध्ये तो निवृत्त झाला. पुढे प्रशिक्षक म्हणून मारिन चिलिचला २०१४ची यूएस ओपन जिंकून दिली, मग २०१९ ते २०२४ जोकोविचबरोबर राहिला. जोकोविच चिडला की थेट प्रशिक्षकांकडे बघून ओरडायचा. रॅकेटी मोडण्यात हयात घालवलेला गोरान तिथे गप्प बसून सगळं ऐकून घ्यायचा.