राजाची तिरकी वाट
चौरसाचा कर्ण बाजूच्या सुमारे १.४१ पट असतो. बुद्धिबळात मात्र राजाला तीन घरे सरळ वा तिरके जायला तीनच चाली लागतात. रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेली स्थिती आपण मांडून पाहू. पांढरा राजा एच-८, प्यादे सी-६. काळा राजा ए-६, प्यादे एच-५. खेळी पांढऱ्याची. सरळ पाठलाग केला तर काळे प्यादे निसटते. म्हणून राजा तिरका निघतो: जी-७, एफ-६. प्रत्येक पाऊल दोन्ही प्याद्यांकडे नेते. काळ्याने प्यादे रेटले, तर पांढरा राजा आपल्या प्याद्याला आधार देतो. दोघांचेही वजीर होतात. काळा राजा ते प्यादे मारायला वळला, तर पांढरा ई-५ मार्गे काळे प्यादे गाठतो. डाव बरोबरीत! स्पर्धेत हार मानण्यापूर्वी अंतर डोळ्यांनी नव्हे, चालींनी मोजावे.